स्थळ वैशाखात पाहावं

माझ्या आत्याला पहिलं स्थळ आलं ते जालन्याकडचं. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन, पण घरात ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली की डोळ्यानं पाहिल्यासारखी सांगता येते. निरोप दिवाळीत आला, घर पाहायला या म्हणून. आजोबा म्हणाले, "येतो की. वैशाखात येतो." सगळे हसले. आजोबांचं म्हणणं असं, की दिवाळीत कोणाचंही घर भरलेलंच दिसतं. वैशाखात गेले. ओसरीवर टेकायच्या आधी विहिरीवर गेले, स्वतः पोहरा सोडला आणि दोर किती हात लागला ते मोजलं. मग उकिरडा पाहिला, कारण गोठ्यात जनावरं किती ते उकिरड्यावरून कळतं. मग शेजारच्या घरी जाऊन ताक मागितलं आणि ताक पिता पिता विचारलं, बांधावरून काही वाद आहे का? एवढं झाल्यावर पाहुण्यांच्या घरचा चहा घेतला. आत्या त्या घरी दिली आणि ती तिथं शेवटपर्यंत सुखानं नांदली.

वाघाच्या लेखात आत्याचं लग्न काहून आणलं, असं वाचणाऱ्याला वाटेल. सांगतो.

2019 च्या डिसेंबरात आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एक वाघ चालत आला. यवतमाळच्या टिपेश्वरचा, उमेदीतला नर. अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात पट्टा घातलेला, कागदोपत्री नाव टी-1 सी-1. पुढं लोकांनी त्याला 'वॉकर' म्हणायला सुरुवात केली. जूनमध्ये त्यानं टिपेश्वर सोडलं. पैनगंगेचं खोरं, तेलंगणाची हद्द, हिंगोली, वाशिम असं कापूस-तुरीच्या रानातून, नाल्यानाल्यानं, रात्री चालत आणि दिवसा दडत तो पाच-सहा महिन्यांत 1300 किलोमीटर चालला आणि ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. एवढ्या वाटेत हिंगोलीकडं एक माणूस जखमी झाला, तोही वाघ झोपलेल्या झुडपात माणसं शिरली म्हणून. विचार करा, किती गावं, किती बांध, किती गोठे त्यानं ओलांडले असतील. मला त्या जनावराचं कौतुक वाटलं ते आजही आहे. मी वाघाच्या विरोधात नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून काही जण तसं म्हणणार.

माझी थोरली पोरगी बोथ्याच्या रानाच्या कडेला दिलेली आहे. जावयाची चार एकर जमीन, आणि चौथ्या एकराचा बांध संपला की अभयारण्याची हद्द. त्यामुळं वाघ आल्याची बातमी मला पेपरच्या आधी फोनवर कळली. पोरगी म्हणाली, "बाबा, आता पहाटं दाराबाहेर निघायची पण चोरी झाली." जावई मात्र खुशीत होता. म्हणाला, "मामा, वाघ आला म्हणजे रानडुकरं तरी कमी होतील."

मग सुरू झालं वाघाचं लग्न. एकट्या वाघाला करमत नसेल, तो निघून जाईल, म्हणून दुसरीकडून वाघीण आणून सोडा, असा सूर निघाला. सरकारदरबारीही त्यावर विचार झाला. पेपरात जोडीदाराच्या गोष्टी छापून आल्या. इकडं हॉटेलं निघतील, जिप्सी गाड्या येतील, पोरांना काम मिळेल, अशी गणितं चौकाचौकात मांडली गेली. त्या हिवाळ्यात एका बैठकीला जावई मला सोबत घेऊन गेला. बोलणारे सगळे शिकलेले, कॅमेरेवाले. मी दहावी पास माणूस, मागच्या खुर्चीवर. शेवटी राहवलं नाही म्हणून उठलो आणि विचारलं, "हा वाघ इथं राहायला आलाय, का वाटसरू म्हणून उतरलाय, हे कोणी पाहिलं का?" एक पोरगा म्हणाला, "काका, तुम्हाला भीती वाटते म्हणून असं बोलता." मी म्हणलं, "वाटते ना. माझी पोरगी तिथं नांदते. तुझी कोण नांदते?" हशा झाला आणि विषय पुढं गेला.

हशा होऊ द्या. हिशेब काय सांगतो ते पाहू. मोठा वाघ वर्षाला पन्नासेक जनावरं मारतो, चितळाच्या मापाची. ती पन्नास गेली तरी कळप तेवढाच राहावा, तर रानात पाचशे तरी हवीत. सावकाराकडं राहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. व्याजावर जगलं तर मुद्दल टिकतं, मुद्दल खाल्लं की संपलं. आता वाघीण आणली की हिशेब दुप्पट. तिला तीन-चार बछडे झाले की दोन-अडीच वर्षांत ते आपापली हद्द शोधायला निघणार. कुठं निघणार? ज्ञानगंगा अभयारण्य आहे 205 चौरस किलोमीटर. त्यातून बुलढाणा-खामगाव रस्ता जातो. अस्वलं आणि बिबटे तिथं आधीच आहेत. चहूबाजूंनी शेतं. उत्तरेला मेळघाटाकडं जायचं म्हणलं तर मध्ये पूर्णेचा सपाट मुलूख, मोठा हमरस्ता आणि मुंबई-नागपूर रेल्वे. म्हणजे लेकरांनी बाहेर पाऊल टाकलं की ते जावयाच्या तुरीत. तिथं एखादी बाई खुरपायला बसलेली असली की मग जे होतं ते होतं, आणि त्यानंतर त्याच वाघाला 'नरभक्षक' म्हणून पिंजऱ्यात घालायला हीच कॅमेरेवाली मंडळी येणार.

वाघीण काही आली नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये वाघाच्या गळ्यातला पट्टा काढला आणि तो कुठं आहे ते कळेनासं झालं. 2021 च्या मार्चमध्ये कन्नड-चाळीसगावच्या डोंगरात, गौताळा अभयारण्यात, एका कॅमेऱ्यात वाघ दिसला. पट्टे जुळवून पाहिले तर आमचाच पाहुणा. आम्ही इकडं मांडव घालायच्या गोष्टी करत होतो आणि नवरदेव डोंगर उतरून गेलाही होता. त्यानं ज्ञानगंगा पाहिली, एक उन्हाळा अंगावर घ्यायच्या बेताला राहून बघितली, आणि ठरवलं. वाघाला स्थळ पाहता येतं. आपल्यालाच येत नाही.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. माझ्या मामाचं गाव धरणात गेलं. कोणतं धरण, कोणतं खातं ते लिहीत नाही, त्या साहेबांपैकी बरेच आता वारलेही असतील. नवं गावठाण पाहायला साहेब लोक आले ते श्रावणात. हिरवंगार माळ, ओढा वाहत होता, जवळची विहीर काठोकाठ. साहेबांनी नकाशावर खूण केली. आमची आजी, म्हणजे आईची आई, तेव्हा सत्तरीची. ती म्हणाली, "गाव बसवायला आलेत का गवत पाहायला?" तिचं कोण ऐकतं. पहिल्याच फाल्गुनात विहीर आटली. जमीन काळी चिकण, उन्हाळ्यात फुगलेली माती बसली की भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा. शेजारच्या गावाला विचारलंच नव्हतं, त्यामुळं पहिल्या दिवसापासून गुरांच्या पाण्यावरून आणि मसणवट्यावरून भांडणं. दुसऱ्या वर्षी निम्मी घरं कुलूप लावून पुण्या-औरंगाबादला गेली. आजी मात्र दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की चालत जुन्या गावाला जायची. चिखलातून घराचं जोतं उघडं पडायचं. त्या जोत्यावर बसून भाकर खायची आणि संध्याकाळी परत यायची.

जनावराचंही असंच असतं. वडिलांनी एकदा देऊळगावच्या बाजारात बैल विकला. तिसऱ्या रात्री तो बैल दावं तोडून आमच्या गोठ्यापुढं येऊन उभा. तेरा-चौदा कोस, मध्ये दोन नद्या. म्हणून नवा बैल आणला की आमच्याकडं पंधरा दिवस सोडत नाहीत. ओवाळायचा, गूळ-भाकर चारायची, गोठ्यातल्या जुन्या जनावराशेजारी बांधायचा, आणि मगच नांगराला जुंपायचा.

हे ज्ञान खोटं नाही याचा दाखला मध्य प्रदेशातच आहे. पन्नाच्या रानातले वाघ शिकारीनं संपले. 2009 मध्ये बाहेरून वाघ आणायला सुरुवात झाली. पेंचहून टी-3 नावाचा नर आणला, तो काही दिवसांनी निघाला तो सरळ पेंचच्या दिशेनं. शेकडो किलोमीटर चालला. वनखात्याची माणसं हत्तींवरून, जीपमधून महिनाभर त्याच्या मागं. परत आणला आणि या वेळी वाघिणीचं मूत्र रानात शिंपडून ठेवलं, म्हणजे त्याला वास यावा, की इथं कोणी आहे. मग तो राहिला. आज पन्नात वाघ नांदतात. ते मी मान्य करतो, मनापासून करतो. पण तिथं ज्या कारणानं वाघ गेले ते कारण आधी हेरलं, पहारा बसवला, जंगल आणि भक्ष्य शाबूत होतं, आणि माणसं रात्रंदिवस त्या वाघांमागं फिरली. आपल्या नागझिऱ्यातही 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी सोडल्या. तिथं वाघ होते, माद्या कमी होत्या. अशा ठिकाणी आणणं समजू शकतो.

ताडोब्याची झीनत वाघीण 2024 मध्ये ओडिशाच्या सिमिलिपालला नेली. हेतू चांगला होता. तिथले वाघ एकाच रक्तातले, नवं रक्त पाहिजे होतं. पिंजऱ्याच्या कुंपणातून रानात सोडली आणि ती निघालीच. झारखंड, तिथून बंगाल, पुरुलिया, बांकुरा. डिसेंबरच्या शेवटी बेशुद्ध करून धरली तोवर तिच्यामागं तीन राज्यांची माणसं पळत होती. ती कोणाला चावली नाही हे तिचे उपकार. ओडिशाचंच सातकोसिया आठवा. 2018 मध्ये तिथं कान्हा-बांधवगडहून जोडी आणली. नर फासात मेला. सुंदरी नावाच्या मादीनं माणसं मारली म्हणून लोक पेटून उठले, वनखात्याच्या चौक्या जाळल्या. तिला धरलं, कोंडलं, आणि शेवटी 2021 मध्ये मध्य प्रदेशात परत पाठवलं. तिथल्या गावांना आधी विचारलं होतं का? शेजारी ताक मागायला गेलं होतं का कोणी?

चित्त्याचं तर काय सांगावं. आधी त्या जागेचीच कथा ऐका. कुनोचं रान सिंहांसाठी मोकळं केलं होतं. गीरचे सिंह एकाच जागी आहेत, साथ आली तर सगळे जातील, म्हणून दुसरं घर पाहिजे, हा विचार शहाणपणाचा. त्यासाठी चोवीस गावं उठवली, दीड हजाराच्या आसपास कुटुंबं, बहुतेक सहारिया आदिवासी. सिंह मात्र द्यायला गुजरात तयार नाही. सुप्रीम कोर्टानं 2013 च्या एप्रिलमध्ये हुकूम दिला, सहा महिन्यांत सिंह न्या. सहा महिन्यांचं दशक झालं. 2018 मध्ये गीरमध्ये खरंच साथ आली, वीसच्या वर सिंह मेले, तरी एकही सिंह कुनोत गेला नाही. आणि मग 2022 च्या 17 सप्टेंबरला त्याच रानात नामिबियाचे आठ चित्ते उतरले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेचे बारा. ज्याच्यासाठी घर रिकामं केलं तो आलाच नाही, आणि ज्याच्यासाठी केलं नव्हतं तो विमानानं आला. त्या सहारियांना कोणी जाऊन सांगितलं असेल का, की बाबांनो, तुम्ही उठलात ते कोणासाठी, ते आता बदललंय?

चित्ते मेले त्यातलं एक कारण मला शेतकरी म्हणून फार झोंबलं. आफ्रिकेच्या त्या टोकाला जून ते सप्टेंबर हिवाळा. चित्त्याचं अंग त्याच हिशेबानं दाट केस धरतं. इथं त्याच महिन्यांत धो धो पाऊस. गळ्याच्या पट्ट्याखाली केस ओले राहिले, कातडी सडली, जखमेत किडे पडले. आमच्याकडं कोणत्याही गुराख्याला विचारा, पावसाळ्यात बैलाच्या खांद्याला जू घासलं तर काय होतं. तो सांगेल, हळद-तेल लाव आणि जू काढ. पुढं पट्टे काढले, चित्ते सावरले, पिल्लंही झाली आणि काही वाढली, हेही खरं. पण जीव गेल्यावर शिकलं.

आता माझ्याच भाऊबंदांकडं वळतो, नाहीतर म्हणाल, हा फक्त साहेबांना आणि शहरवाल्यांना बोलतो.

आमच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजाच्या माळावर वाघ नाही, पण रोही आणि काळवीट आहेत. हरभरा घाट्यावर आला की रात्री वीस-पंचवीस रोह्यांचा कळप येतो. खातो थोडं, तुडवतो जास्त. मी जागलीला जातो, या वयातही. बांधाला जुन्या साड्या बांधून झाल्या, फटाके झाले, झटका मशीन झालं. बायकोची लग्नातली साडीसुद्धा बांधावर गेली, त्यावरून आठ दिवस घरात बोलणं बंद. एका वर्षी दोन एकर हरभरा गेला. पंचनाम्याला आलेल्या माणसानं पाहून जे लिहिलं त्याचे पैसे बियाण्याला पण पुरले नाहीत. त्या रागात गावानं अर्ज केला, 'रोही आणि काळवीट पकडून दुसऱ्या जंगलात नेऊन सोडावेत.' त्या अर्जावर माझी सही आहे. तिसऱ्या नंबरवर.

सही केली आणि रात्री जागलीवर बसल्यावर डोक्यात आलं, दुसरं जंगल म्हणजे कोणतं? ज्ञानगंगा? म्हणजे जावयाच्या बांधाला. मी माझ्या तुरीतली बला पोरीच्या तुरीत टाकायला निघालो होतो. मध्य प्रदेशात 2025 मध्ये शाजापूरकडं हेलिकॉप्टरनं हाकून, कापडाच्या निमुळत्या वाड्यात घालून आठशेच्या वर काळवीटं धरली आणि अभयारण्यात नेली. काम सफाईनं झालं म्हणतात. आमच्या पोरांनी व्हिडिओ दाखवला, म्हणाले, "आबा, असं करा ना इथं." करा. पण काळवीट हे धडकीनं मरणारं जनावर आहे. वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण त्याला आहे. आणि ते जंगलातलं नाहीच मुळी, ते उघड्या माळाचं आहे. त्याला साग-धावड्यात नेऊन सोडलं तर ते पळेल कुठं? त्याचा माळ आपण नांगरला, मी पण नांगरला, उरलेल्यात प्लॉट पडले, आणि मधून समृद्धी महामार्ग गेला. त्याला जनावरांसाठी खालून-वरून वाटा ठेवल्यात, ते बरं केलं. पण वाट ओलांडून पलीकडं गेलं तरी चरायला माळ पाहिजे ना.

गायरान सोडवा, माळ शाबूत ठेवा, आणि ज्याचं पीक गेलं त्याला बाजारभावानं महिन्याच्या आत पैसे द्या. त्यानंतर मी रोह्याच्या नावानं बोंब मारली तर मला गावात बोलू नका. हे झालं नाही तर काय होतं ते सोलापूरच्या माळढोकानं दाखवलंय. 1979 मध्ये नान्नजच्या भोवती साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर काढलं. अख्खे तालुके त्यात. लोकांना जमिनीचा व्यवहार करता येईना, रस्ता करता येईना. ज्या शेतकऱ्यांच्या ज्वारीत तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्यांनाच तो नकोसा झाला. पुढं क्षेत्र कापून लहान केलं, तोवर पक्षीच उरला नव्हता म्हणण्याजोगा.

आणि मेळघाट तर आपल्या शेजारी. वाघासाठी जागा मोकळी करायची म्हणून कोरकूंची गावं उठवून खाली अकोटच्या बाजूला आणली, कुटुंबामागं दहा लाखांचा हिशेब. 2019 च्या जानेवारीत त्यातली माणसं बायकापोरांसह परत रानात गेली. दगडं चालली, गोळ्या चालल्या, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. मला त्या बातमीत आजीचं जोतं दिसलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाघ असो, चित्ता असो का कोरकू असो, नव्या जागेचा निर्णय करणाऱ्यानं ती जागा तिच्या सगळ्यात वाईट महिन्यात पाहावी, आणि एका दिवसात पाहून जाऊ नये. पाणवठ्यावर तिथंच मुक्काम करावा. कोणता झरा वैशाखात चालू असतो ते गुराख्याकडून लिहून घ्यावं. बांधालगतच्या घरांत जावं, बायांना विचारावं, कारण सरपणाला आणि पाण्याला त्या जातात. ग्रामसभेत हात वर करून घेतलेली हो नको, भीतीनं नाही म्हणणाऱ्याचंही नाव लिहा. जनावर स्वतःच्या पायानं येऊ शकेल अशी वाट आधी राखा, ट्रक आणि पिंजरा सगळ्यात शेवटी. आणि जिथून जे जनावर पूर्वी संपलं, ते काहून संपलं याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवं आणू नका. हे काही माझं डोकं नाही. जगातल्या निसर्ग संघटनेनं 2013 मध्ये याचे नियम छापले, त्यातही जनावर सोडायच्या आधी जुनं कारण दूर करा, लोकांना विचारात घ्या असंच लिहिलंय. पुस्तक इंग्रजीत आहे. नातवानं वाचून सांगितलं. मी म्हणलं, हे तर आपल्या आजोबांचं आहे.

मागच्या श्रावणात जावयाच्या गावाला एक जीप आली होती. चार-पाच जण, हातात यंत्रं, नकाशे. कशाची पाहणी ते त्यांनी सांगितलं नाही आणि जावयानं विचारलं तर म्हणाले, "असंच, अभ्यास चालू आहे." रान हिरवंगार होतं, नाला वाहत होता. त्यांनी पुष्कळ फोटो काढले. पोरीनं चहा केला. जावयाला मी शिकवून ठेवलेलंच होतं. तो म्हणाला, "साहेब, वैशाखात या एकदा. दोन दिवस राहायचं करून या, बाज टाकून देतो अंगणात." ते हो म्हणाले, नंबर लिहून घेतला.

वैशाख गेला. बाज अंगणातच आहे, तिच्यावर सध्या पोरगी पापड वाळवते.